व्हरांड्यात तीस, भिंतीकडं एकोणतीस

निजामी होती तोवर मी परंड्याच्या तहसील कचेरीबाहेर बसून अर्ज्या लिहीत होतो. कचेरीचा सगळा कारभार उर्दूत, आणि आमच्या भागातल्या शेतकऱ्याला उर्दूचं ओ की ठो कळत नसे. त्याचं म्हणणं मराठीत ऐकायचं आणि कागदावर उर्दूत उतरवायचं, हा माझा धंदा. माझी शाळा उर्दूत झालेली, त्यामुळं उर्दू अक्षर छापल्यासारखं यायचं. मराठी घरात बोलायची. ती लिहायची वेळ आली की ऱ्हस्वदीर्घाला ठेचकाळायचो. सगळे मला मुन्शी म्हणत. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस.

माझं गाव परंड्यापासून दोन कोसांवर. गावातल्या एका दर्ज्याचं दुकान परंड्याच्या पेठेत होतं. रोज सकाळी आम्ही दोघं बरोबर चालत जायचो आणि दिवस मावळायच्या आत बरोबर परतायचो. ते माझ्या वडिलांच्या वयाचे, मी त्यांना चाचा म्हणायचो. बोलणं कमी, पण चाल अशी की त्यांना गाठायला मला मधूनमधून पळावं लागे.

चाचा दर पंधरा दिवसांनी दोरा आणि अस्तराचं कापड आणायला बार्शीला जात. बार्शी इंग्रजी मुलखात, म्हणजे मधे आमच्या सरकारचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. नाक्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची गाठोडी सोडून बघायचे. चाचांचं गाठोडं मात्र वरवर चाचपून सोडून देत. एक तर ते मुसलमान, आणि नाक्यावरच्या जमादाराचे कपडे तेच शिवायचे. त्या अस्तराच्या घड्यांत बार्शीहून निजामाविरुद्धच्या चळवळीची पत्रकं यायची. दोन वर्षं रोज बरोबर चालून मला याचा पत्ता नव्हता. एके दिवशी ओढ्याजवळ त्यांनीच एक पत्रक माझ्यापुढं धरलं.

"मुन्शी, मला मराठी वाचता येत न्हाय. ह्यात काय लिवलंय ते तरी सांग. दोन वर्सं झाली वागवतोय."

मी वाचून दाखवलं. लोकांनी निवडलेलं सरकार पाहिजे, असं काहीतरी होतं.

"निवडल्यालं म्हंजी? कोन निवडनार?"

"आपण सगळे."

"म्या बी?"

"तुम्ही पण."

त्यांनी पत्रकाची घडी घातली, टोपीत ठेवली आणि पुन्हा भराभरा चालायला लागले.

फौजा आल्या आणि चार-पाच दिवसांत निजामी संपली. आम्ही गावात गूळ वाटला. त्याच आठवड्यात बाहेरून एक जमाव परंड्यात आला आणि पेठेतली मुसलमानांची दुकानं जाळून गेला. त्यात चाचांचं दुकान गेलं. शिवणयंत्र तेवढं एका पोरानं ओढून बाहेर काढलं. चाचांचा धाकटा भाऊ दुसऱ्या एका गावात राहत होता. त्या गावातून कोणी परत आलं नाही आणि तिथं काय झालं ते सांगायलाही कोणी आलं नाही. चाचा अकरा दिवस आमच्या कडब्याच्या खोलीत होते. माझी बायको त्यांना भाकरी नेऊन द्यायची. बाहेर निघाले तेव्हा दाढी पांढरी झाली होती, असं म्हणायची पद्धत आहे, पण ती आधीपासून पांढरीच होती. मला बदल दिसला तो चालण्यात. आता मला त्यांच्यासाठी थांबावं लागायचं.

पुढच्या उन्हाळ्यात चळवळ चालवणाऱ्या पक्षाचा कागद आला. आता निवडणुका होणार, आणि पक्षातर्फे कोण उभं राहणार ते वरून ठरणार नाही, खालून ठरणार, असं त्यात होतं. प्रत्येक गावातल्या सभासदांनी आपले प्रतिनिधी निवडायचे. सगळ्या गावांचे प्रतिनिधी परंड्याला जमून तालुक्यातर्फे एक माणूस निवडतील. तो जिल्ह्याला जाईल, आणि तिथं तालुक्या-तालुक्यांतून आलेली माणसं उमेदवार ठरवतील. इतकं मला समजलं. त्याखाली बारीक अक्षरांत नियम होते, पानंच्या पानं. कुणीतरी इंग्रजीतून मराठीत आणले असावेत, कारण वाक्य संपता संपत नव्हतं. 'उपरिनिर्दिष्ट', 'तदनंतर', 'यथाप्रमाण'. पारावर सगळा गाव जमलेला, आणि कागद माझ्या हातात. मला त्यातलं निम्मंसुद्धा कळलं नव्हतं. पण मी मुन्शी. घसा साफ केला आणि सगळं कळल्यासारखं सांगत गेलो.

गावानं हात वर करून दोन प्रतिनिधी निवडले. एक मी, कारण मला कागद कळतो. दुसरे चाचा. त्यांचं नाव एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं घेतलं. तो एवढंच म्हणाला, "आपन घरात बसून हुतो तवा ह्यो मानूस नाका वलांडत हुता." हात वर झाले. काही हात चटकन झाले, काही इकडंतिकडं बघून. चाचा खाली मान घालून बसले होते. घरी जाताना मला म्हणाले, "मुन्शी, ह्ये खरंच हुनार हाय का?"

"तुम्ही निवडून आलात चाचा. झालंच की."

चळवळीच्या दिवसांत सीमेवरच्या छावणीत राहून लढलेला एक गडी सभेच्या आधी आठवडाभर गावोगाव फिरत होता. डाव्या पायात गोळी लागलेली, काठीवर चालायचा. तालुक्यातर्फे एका देशमुखाचं नाव पक्कं झालंय, असं तो सांगत आला. हे देशमुख आदल्या वर्षापर्यंत तहसीलदाराच्या पंगतीला बसणारे; आता पांढरी टोपी घालून फिरत होते. गडी माझ्या ओट्यावर बसून म्हणाला, "त्यांच्या इरोधात उभं करायला मानूस पायजे. ज्याच्याकडं बोट दाखवता येनार न्हाय असा. चाचा हैत." मला वाटलं हा चेष्टा करतोय. पण त्यानं वीस गावं हिंडून माणसं जमवली होती. चाचांनी तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा त्यांनी विचारलं, "हरलो तर कोन काय करनार न्हाय न्हवं?" गडी म्हणाला, "कोन काय करतंय!" त्या प्रश्नाचा अर्थ आम्हाला दोघांनाही कळला होता, आणि दोघांनीही तो कळला नाही असं दाखवलं.

सभा परंड्याच्या शाळेच्या आवारात. दिवस वैशाखाचे. आम्ही पोचलो तेव्हा फाटकाशी टेबल मांडून एक कारकून बसला होता. त्यानं यादी बघितली. माझं नाव होतं, चाचांचं नव्हतं.

"ह्यांचा सभासदत्वाचा फॉर्म उर्दू सहीचा आहे," कारकून म्हणाला. "उर्दू सहीचे फॉर्म वेगळे काढलेत. पडताळणी व्हायचीय."

"पडताळणी कोण करणार?"

"गावकमिटीचा अध्यक्ष."

"गावकमिटी कुठं झालीय अजून?"

"ती प्रतिनिधी निवडल्यावर होणार."

"प्रतिनिधी हेच आहेत की!"

"यादीत नाव असलं तर." आणि त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली.

मी तिथंच जमिनीवर बसकण मारली आणि अर्ज लिहिला. जन्मात पहिल्यांदा एवढा लांब कागद मराठीत लिहिला. गावच्या सभासदांनी बहुमतानं निवड केली आहे, सही कोणत्या लिपीत असावी याबद्दल नियमांत काही नाही, सबब नाव दाखल व्हावं. तो घेऊन मी आत गेलो. सभेचे अध्यक्ष म्हणून जिल्ह्याहून एक वकीलसाहेब आले होते. गोरे, चष्मेवाले, बोलायला अतिशय गोड. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, हसले आणि खाली 'मंजूर' लिहिलं.

"अर्ज कुणी लिहिला?"

"मी."

"अक्षर छान आहे हो तुमचं. थोडं अशुद्ध आहे, पण मुद्दा बरोबर मांडलाय. जवळपास राहा. लिहायला माणूस लागेल मला."

मी हरखून गेलो. बाहेर येऊन चाचांना कागद दाखवला. त्यांनी त्या 'मंजूर'वर बोट फिरवलं. त्या दिवशी मला वाटलं होतं की ही लढाई कागदाची आहे, आणि कागदाच्या लढाईत आपण मागं हटणारे नाही.

दहाच्या सुमारास सभा सुरू झाली. तीन नावं आली: देशमुखांचं, पेठेतल्या एका अडत्याचं आणि छावणीतल्या गड्यानं सुचवलेलं चाचांचं. चाचांचं नाव पुकारलं तेव्हा आवारात जरा कुजबुज झाली, मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि बऱ्याच जणांनी वाजवल्या. मी बघत होतो. चाचांनी दोन्ही हात जोडले होते, आणि ते सोडायचे कधी ते त्यांना कळत नव्हतं.

मतं चिठ्ठीवर होणार नव्हती. निम्म्या प्रतिनिधींना लिहिता येत नाही म्हणून प्रत्येकानं आपल्या माणसाच्या बाजूला जाऊन उभं राहायचं, असं ठरलं. देशमुखांची माणसं शाळेच्या व्हरांड्यात. अडत्याची लिंबाखाली. आमची पूर्वेच्या भिंतीकडं. भिंतीला त्या वेळी दोन हात सावली होती.

पहिली मोजणी झाली. व्हरांड्यात चोवीस, भिंतीकडं तेवीस, लिंबाखाली बारा. छावणीतल्या गड्यानं माझा दंड असा दाबला की वळ उठला. देशमुखांना आणि आम्हाला एकाचाच फरक! व्हरांड्यातल्या लोकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

मग वकीलसाहेबांनी नियम वाचला. सगळ्यात लहान गट मोडायचा, त्यातल्या लोकांनी उरलेल्या दोहोंपैकी एकाकडं जायचं, आणि पुन्हा मोजायचं. एकानं विचारलं, जायचंच नसलं तर? वकीलसाहेबांनी नियम परत वाचला. दुसऱ्यानं विचारलं, आधी उभे असलेल्यांना जागा बदलता येईल का? त्यांनी पुन्हा तोच वाचला. प्रत्येक वेळी तो वेगळा ऐकू यायचा. एक म्हातारा माझ्याकडं येऊन म्हणाला, "मुन्शी, आमी आता कुनाचं?" मी म्हणालो, "तुम्ही भिंतीकडचे. हलू नका." तो म्हणाला, "व्हय, पर आमी आडत्याच्या गावचं हाव."

यात दीड-दोन तास गेले. भिंतीची सावली सरकत सरकत संपली. आमची माणसं डोक्यावर उपरणी टाकून उन्हात उभी. पाण्याचा रांजण व्हरांड्यात. पाण्याला गेलं की स्वयंसेवक ओरडायचे, "जागा सोडू नका, मोजणी चालू व्हतीय." चाचा आपल्या लोकांत फिरून सांगत होते, "जरा कळ काढा, झालंच आता." तसं ते एकदोघांच्या पाठीवरून हातही फिरवत होते. हे मी त्यांना कधी करताना पाहिलं नव्हतं.

लिंबाखालची माणसं हलली. सात जण आमच्याकडं आले, पाच व्हरांड्याकडं गेले. मी बोटावर मोजत होतो. आमचे तीस होत होते. दोनदा मोजलं, तीसच.

तेवढ्यात वकीलसाहेबांनी हाक मारली. "अहो अर्जवाले, या जरा. इतिवृत्त लिहायचंय."

मी गेलो. टेबल व्हरांड्यात होतं. मी खुर्चीच्या बाजूला उभा राहिलो, त्यांनी कागद आणि टाक पुढं सरकवला. 'तालुका प्रतिनिधींची सभा' असं शीर्षक मी सावकाश, वळणदार लिहिलं. माझ्या पाठीमागून कारकून माणसं मोजत गेला. त्याचं बोट माझ्या खांद्याला लागलं. मला ते जाणवलं. आजही जाणवतं. पण मला वाटलं, तो वाट काढतोय.

"लिहा," वकीलसाहेब म्हणाले. "दुसरी फेरी. व्हरांडा तीस. भिंत एकोणतीस. खाली लेखनिक म्हणून तुमचं दस्तखत करा."

मी लिहिलं. तीस, एकोणतीस. आकडे कानावर पडले आणि हातानं उमटले. मधे डोकं नव्हतंच. मुन्शीच्या हाताला तीच सवय असते. समोरचा बोलतो, हात चालतो. मी सही केली. मराठीत केली, आणि ती नीट आली म्हणून क्षणभर बरंही वाटलं.

मग मान वर केली. चाचा भिंतीकडून माझ्याकडं बघत होते. त्यांचा उजवा हात वर होता आणि ते बोटांवर मोजत होते.

मी जवळजवळ ओरडलोच. "साहेब, मी ह्यांच्यातला नाही! मी भिंतीकडचा आहे!"

"पण उभे तर इथं आहात."

"तुम्ही बोलावलंत म्हणून."

"ते खरं," वकीलसाहेब म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं. "पण मोजणीच्या वेळी जो जिथं उभा, तो तिथला. नियमच आहे तसा. आणि इतिवृत्तावर सही झालीय. तुमचीच."

छावणीतला गडी काठी आपटत आला. खूप आरडाओरडा झाला. फेरमोजणी घ्या म्हणून आमची माणसं व्हरांड्याकडं धावली, आणि धावली तशी भिंत रिकामी झाली. कारकून म्हणाला, आता मोजायचं काय, सगळेच व्हरांड्यात आलेत. देशमुखांची माणसं हसली. कुणीतरी हार आणला. वकीलसाहेबांनी आभार मानले, सगळ्यांना शांत राहायला सांगितलं आणि एकच्या मोटारीनं निघून गेले. त्यांनी मला मुद्दाम बोलावलं की सहज, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मुद्दाम असतं तर राग धरायला जागा झाली असती.

परतताना आम्ही दोघंच होतो. अर्धी वाट झाल्यावर चाचा म्हणाले, "तू तिकडं कशाला ग्येलास?"

"लिहायला बोलावलं, चाचा."

"बरं."

ओढा ओलांडल्यावर मी म्हणालो, "मी अपील करतो. जिल्ह्याला कागद पाठवतो."

"पाठव," ते म्हणाले. त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

मी जिल्ह्याला लिहिलं. महिन्याभरानं उत्तर आलं की तक्रार तालुका कमिटीमार्फत यावी. तालुका कमिटीचे चिटणीस देशमुखांचे पुतणे. त्यांच्याकडं कागद दिला, तो त्यांनी ठेवून घेतला. मी परत जिल्ह्याला लिहिलं, या वेळी हकिगत सविस्तर, तीन पानं. पावसाळा संपता संपता शेवटचं उत्तर आलं. तक्रारदारानं मोजणीच्या इतिवृत्तावर स्वतः स्वाक्षरी केलेली असल्यानं तक्रार ग्राह्य धरता येत नाही. मी ते उत्तर चाचांना वाचून दाखवलं. 'ग्राह्य' म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते यंत्रावर वाकून शिवत राहिले.

'कोन काय करतंय' म्हणणारा गडी बरोबर निघाला, कुणी काही केलं नाही. चाचांना कुणी शिवी दिली नाही, बोट लावलं नाही. फक्त गावात त्यांच्याकडं बघण्यात फरक पडला. पूर्वी ते गावचे दर्जी होते. आता ते उभे राहिलेले होते. पारावर कुणी म्हणायचं, "दर्ज्यानं तालुक्याला जायचं म्हनून धरलं हुतं म्हनं," आणि ऐकणारे हसायचे. हात वर केलेलेच लोक होते ते. चाचांना उभं आम्ही केलं होतं, हे सांगायला मी एकदाही तोंड उघडलं नाही. बोललो असतो तर माझ्या सहीची गोष्ट निघाली असती.

दिवाळीच्या आधी त्यांनी बार्शीला जावयाकडं जायचं ठरवलं. गाडीत यंत्र चढवायला मी हात लावला. आता मधे नाका नव्हता. मी म्हणालो, "चाचा, अधूनमधून या."

"येतो की. दोन कोस तर हाय." बार्शी दोन कोस नव्हती. मग गाडीत बसता बसता ते म्हणाले, "मुन्शी, तू त्या दिशी लिवलंस त्ये लई सुंदर लिवलंस म्हनं. त्यो कारकून सांगत हुता."

मला अजून उमगत नाही, ते टोचून बोलले की मला बरं वाटावं म्हणून बोलले. चाचांना टोचून बोलता येत नव्हतं, एवढं मला माहीत आहे. ते परत आले नाहीत. दोन वर्षांनी तिकडंच वारले, हे मला एका कापडवाल्याकडून कळलं.

कचेरीचं कामकाज हळूहळू मराठीत गेलं. पुण्याकडून शिकून आलेले दोन जण माझ्या शेजारी अर्ज लिहायला बसले. त्यांचं मराठी शुद्ध होतं. माझ्याकडं फक्त जुने उर्दू कागद वाचून घ्यायला लोक यायचे, तेही कमी होत गेले. बायको विचारायची, सभेत नक्की काय झालं होतं? मी सांगायचो, एका मतानं हरलो. ते एक मत कुणाचं, हे तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पुढच्या साली पक्षाचे फॉर्म पुन्हा आले. नियम बदलले होते. आता म्हणे उभं राहायचं नव्हतं, पण दुसरंच काहीतरी होतं, चार पानांचं. गावानं फॉर्म माझ्याकडं आणून टाकले. मी ते सगळ्यांचे भरून दिले. त्या साली आमच्या गावातून प्रतिनिधी म्हणून कोण गेलं, ते मला आठवत नाही.